योसेमिटीचा वाटाड्या : जॉन म्यूर

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेव्हाडा नावाची एक प्रचंड पर्वतरांग आहे. तिची लांबी सहाशे किलोमीटरांहून अधिक आहे. या रांगेच्या कुशीत योसेमिटीची दरी वसली आहे. दरी जेमतेम बारा किलोमीटर लांब. परंतु तिच्या दोन्ही अंगांना पांढुरक्या ग्रॅनाइटचे असे कडे उभे आहेत, की त्यांच्या माथ्याकडे पाहू जाता डोक्यावरची टोपी खाली पडावी. एल कॅपिटन नावाचा कडा तळापासून सुमारे ३,००० फूट सरळ उभा आहे. मधोमध चिरलेल्या घुमटासारखा दिसणारा हाफ डोम दरीच्या तळापासून सुमारे ४,८०० फूट वर गेला आहे. योसेमिटीचा धबधबा तर २,४२५ फुटांवरून तीन टप्प्यांनी खाली झेपावतो. आज हा सारा मुलूख राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. त्याच्या कडेकपारींतून शेकडो किलोमीटर लांबीच्या पायवाटा गेल्या आहेत आणि दरवर्षी लाखो माणसे तेथे येतात. या पायवाटांशी ज्या पुरुषाचे नाव कायमचे जोडले गेले, तो या देशात जन्मलाही नव्हता. तो प्रथम तेथे राहिला तो एका मेंढपाळीच्या नोकरीसाठी. त्या पुरुषाचे नाव जॉन म्यूर.

जॉन म्यूरचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ भावंडांत तो तिसरा. वडील डॅनियल म्यूर हे अत्यंत धर्मनिष्ठ आणि तितकेच करड्या शिस्तीचे गृहस्थ होते. बायबलचे पाठ रोज म्हणून दाखवावे लागत. चूक झाली की छडी ठरलेली. अकरा वर्षांचा होईपर्यंत जॉनला नवा करार संपूर्ण आणि जुन्या कराराचा मोठा भाग मुखोद्गत झाला होता. परंतु घराची दारे कितीही घट्ट लावली, तरी या मुलाचे मन घरात राहात नसे. डनबारच्या पडक्या किल्ल्याच्या भिंती चढणे हा त्याचा आवडता खेळ. रात्री सारे निजले म्हणजे खिडकीतून बाहेर पडून घराच्या निसरड्या छपरावर चढण्याचे धाडसही तो आपल्या धाकट्या भावाबरोबर करी.

१८४९ साली डॅनियल म्यूर यांनी स्कॉटलंड सोडले आणि समुद्र ओलांडून ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात आले. तेथे रान तोडून शेत उभे करावयाचे होते. बाराव्या वर्षी जॉनच्या हाती नांगर आला. नांगराच्या मुठी त्याच्या डोक्याइतक्या उंच होत्या; तरीही दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याला काम करावे लागे. पुढे नव्या शेतावर विहीर खणण्याचे काम निघाले. खाली कठीण वालुकाश्म लागला. जॉनला बादलीत बसवून रोज सकाळी खाली सोडीत आणि तो एकटा छिन्नीहातोड्याने खडक फोडीत बसे. विहीर सुमारे ८० फूट खोल गेली असता एके सकाळी तळाशी विषारी वायू साचला होता. खाली पोचताच जॉनला भोवळ आली. वडिलांनी वरून हाका मारल्या, पण तो बादलीत कसाबसा बसला तेव्हा त्याला शुद्ध अशी उरली नव्हती. त्याला वर ओढून घेतले, म्हणूनच तो वाचला. एकदोन दिवसांच्या विश्रांतीनंतर त्याला पुन्हा त्याच विहिरीत उतरावे लागले. आता मात्र खाली जाण्यापूर्वी वरून पाणी ओतून आतली हवा ढवळून घेण्याची खबरदारी घेण्यात येई. ९० फुटांवर पाणी लागले.

अशा कष्टांतही जॉनची ज्ञानाची भूक मेली नाही. रात्रीच्या प्रार्थनेनंतर वाचीत बसण्यास घरात मनाई होती. मात्र सकाळी हवे तितक्या लवकर उठण्याची मुभा एकदा वडिलांनी दिली. त्याच रात्री एक वाजता जॉन उठून बसला! तेव्हापासून कडाक्याच्या थंडीत, घराच्या तळघरात, मेणबत्तीच्या उजेडात तो वाचू लागला आणि लाकडाची यंत्रे घडवू लागला. त्याने लाकडी घड्याळे बनविली. ठरलेल्या वेळी निजलेल्या माणसाला जमिनीवर उतरवून देणारी एक खाटही बनविली. १८६० साली मॅडिसन येथील प्रदर्शनात ही यंत्रे पाहून लोक थक्क झाले. पुढे त्याच गावच्या विद्यापीठात त्याने रसायन, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला. एके दिवशी एका सहाध्यायाने त्याला बाभळीसारख्या एका उंच वृक्षाचे फूल दाखविले आणि वाटाण्याच्या नाजूक वेलीशी त्या वृक्षाचे कूळ जुळते हे समजावून दिले. त्या क्षणापासून रानावनांकडे पाहण्याची जॉनची दृष्टीच बदलली. पदवी न घेताच, १८६३ साली, त्याने विद्यापीठ सोडले.

यंत्रांत रमलेला हा तरुण थोर संशोधक आणि धनाढ्य कारखानदार होणार, असेच कोणालाही वाटले असते. इंडियानापोलिस येथे गाड्यांचे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात त्याने चांगला लौकिकही मिळविला. परंतु मार्च १८६७ मध्ये काम करताना त्याच्या हातातील कानस निसटली आणि तिचे टोक उजव्या डोळ्यात घुसले. त्या डोळ्याची दृष्टी गेली. पाठोपाठ डावा डोळाही अंधारला. कित्येक दिवस त्याला काळोख्या खोलीत पडून राहावे लागले. आता आपल्याला एकही फूल पुन्हा दिसणार नाही, या विचाराने तो व्याकूळ झाला. सुदैवाने हळूहळू दृष्टी परत आली. परत मिळालेले हे डोळे यंत्राच्या चाकांवर खिळवून ठेवावयाचे नाहीत, तर सृष्टी पाहण्यासाठी खर्चावयाचे, असा निश्चय त्याने त्या काळोखातच केला होता.

हा निश्चय म्यूर यांनी अक्षरशः पाळला. त्याच वर्षी सप्टेंबरात ते पायी निघाले आणि सुमारे १,६०० किलोमीटर चालून दक्षिणेस मेक्सिकोच्या आखाताला जाऊन पोचले. तेथे हिवतापाने त्यांना गाठले, म्हणून दक्षिण अमेरिकेला जाण्याचा बेत सोडावा लागला. मार्च १८६८ मध्ये ते जहाजाने कॅलिफोर्नियात उतरले. शहरात न थांबता फुलांनी भरलेले विस्तीर्ण मैदान तुडवीत ते थेट योसेमिटीकडे चालू लागले. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका मेंढरांच्या मालकाने आपल्या कळपाबरोबर त्यांना डोंगरात धाडले. कळपात दोन हजारांहून अधिक मेंढरे होती. त्यांची राखण करण्यास दुसरा एक धनगर होताच. म्यूर यांनी केवळ देखरेख करावयाची होती. त्यामुळे त्यांना हिंडावयास भरपूर सवड मिळाली. टुओलमच्या उंच कुरणांपर्यंत ते गेले. देवळाच्या शिखरासारख्या निमुळत्या कॅथीड्रल शिखरावर ते ७ सप्टेंबर १८६९ रोजी एकटेच चढले. त्यापूर्वी त्या सुळक्यावर कोणी चढल्याची नोंद नाही.

ज्या वाटांनी म्यूर फिरले, त्या सगळ्याच नव्या नव्हत्या. योसेमिटीत अहवानीची नावाचे मूळचे रहिवासी पिढ्यान् पिढ्या राहात होते. ओकची फळे वेचण्यासाठी, शिकारीसाठी आणि डोंगरापलीकडील लोकांशी देवघेव करण्यासाठी त्यांनीच पहिल्या वाटा पाडल्या. १८५१ साली सशस्त्र तुकडीने दरीत शिरून त्यांना हुसकावले आणि त्यांची घरे जाळली. म्यूर स्वतः मोनो खिंडीतून पलीकडे उतरले, ती वाटही तेथील मूळच्या लोकांचीच. तरीही सुरुवातीच्या काळात म्यूर यांनी या लोकांविषयी जे लिहिले, ते तुच्छतेचे होते. त्यांना न्याय देणारे नव्हते. पुढे अलास्कात तेथील लोकांबरोबर राहिल्यावर त्यांची दृष्टी काहीशी निवळली. थोर माणसाच्या चरित्रात ही उणीवही सांगितली पाहिजे. कारण ती झाकल्याने चरित्र मोठे होत नाही.

उन्हाळा संपला, तरी म्यूर डोंगर सोडून गेले नाहीत. दरीतील एका खाणावळीच्या मालकासाठी त्यांनी पाण्याच्या जोरावर चालणारी लाकूड कापण्याची गिरणी उभारली. जिवंत झाडाला ते करवत लावीत नसत; वादळाने पडलेल्या झाडांचेच लाकूड ते कापीत. ओढ्याकाठी त्यांनी एक लहानशी खोपी बांधली आणि पाण्याची एक धार खोपीच्या कोपऱ्यातून वाहावी अशी योजना केली. निजताना तिची खळखळ त्यांच्या कानी पडे. सुट्टी मिळाली, की पाव आणि चहाची पूड बरोबर घेऊन ते चालू लागत. सोबतीला घोडा नाही, बंदूक नाही. पुष्कळदा कांबळेही नाही. रात्र पडली, की देवदार-पाइनांच्या फांद्या अंथरून शेकोटीशेजारी पडून राहावे आणि पहाटे पुन्हा चालू लागावे, हा त्यांचा क्रम. चालता चालता ते खडक निरखीत, चित्रे काढीत आणि टिपणे लिहून ठेवीत.

या हिंडण्यातूनच एक मोठा वाद उभा राहिला. योसेमिटीची दरी कशी निर्माण झाली, हा तो प्रश्न. त्या काळी जोसाया व्हिटनी हे कॅलिफोर्नियाचे राजभूगर्भशास्त्रज्ञ होते. विद्वान म्हणून त्यांचा मोठा दबदबा होता. पृथ्वीच्या पोटात भयंकर उलथापालथ होऊन दरीचा तळ एकाएकी खाली खचला, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्यूर यांना पायाखालचे खडक निराळेच काही सांगत होते. ठिकठिकाणी ग्रॅनाइट आरशासारखा गुळगुळीत घासलेला होता आणि त्या झिलईवर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे होते. उघड्या बोडक्या घुमटांवर परक्या जातीचे अवाढव्य धोंडे, कोणी आणून ठेवावेत तसे, बसलेले होते. दऱ्यांच्या तोंडाशी दगडगोट्यांचे लांबच लांब बांध पडलेले होते. उपनद्यांच्या दऱ्या मुख्य दरीच्या तळाशी न मिळता उंच कड्यावर अधांतरी संपत होत्या; म्हणूनच तर तेथे एवढे धबधबे निर्माण झाले होते. जमीन खचल्याने ही चिन्हे उमटत नाहीत. ती उमटतात बर्फाच्या नदीने. शेकडो फूट जाडीची हिमनदी हळूहळू सरकते. तिच्या पोटात अडकलेले दगड तळाचा खडक खरवडतात आणि ती वितळली म्हणजे हे सारे ओझे तेथेच टाकून जाते. योसेमिटी हिमनद्यांनीच कोरली, असे म्यूर ठामपणे सांगू लागले.

एका गिरणीत राबणाऱ्या माणसाने राजभूगर्भशास्त्रज्ञाला खोडून काढावे, हे अनेकांना रुचले नाही. व्हिटनी यांनी म्यूर यांना अडाणी मेंढपाळ ठरवून त्यांची हेटाळणी केली. म्यूर यांनी मात्र शब्दाला शब्द भिडविला नाही. पुरावा शोधण्यासाठी ते पुन्हा डोंगरात गेले. ऑक्टोबर १८७१ मध्ये मर्सेड शिखराखालच्या एका ओहोळात त्यांना अत्यंत बारीक, करड्या रंगाचा गाळ आढळला. खडक दळला गेल्यावाचून असे पीठ होणे शक्य नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्या गाळाचा माग काढीत ते वर चढले, तो समोर खरोखरीची एक लहान हिमनदी! त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात त्यांचा या विषयावरील पहिला लेख प्रसिद्ध झाला. तरीही तो नुसता साचलेला बर्फ आहे, नदी नव्हे, असे कोणी म्हणू शकले असते. म्हणून २१ ऑगस्ट १८७२ रोजी त्यांनी मॅक्ल्युअर शिखराच्या हिमनदीत एका ओळीत खुंट रोवले आणि ६ ऑक्टोबरला ते पुन्हा तेथे गेले. सेहेचाळीस दिवसांत एक खुंट तब्बल ४७ इंच पुढे सरकला होता. कडेचे खुंट कमी आणि मध्याकडचे अधिक सरकले होते. बर्फ वाहात होता, हे आता कोणालाही नाकारता येण्यासारखे नव्हते.

आजच्या शास्त्राने या वादाचा निवाडा केला आहे. दरीचा पहिला आकार नदीने कोरला. पुढे हिमनद्यांनी निरनिराळ्या काळी ती खोल आणि रुंद केली. जुन्या समजुतीप्रमाणे तळ खचला नाही. म्हणजे मुख्य मुद्द्यावर म्यूर बरोबर ठरले. परंतु एकाच अफाट हिमस्तराने सारे डोंगर झाकले होते आणि सगळे काम त्यानेच केले, हे त्यांचे म्हणणे अतिशयोक्त होते. हाफ डोमचा माथा बर्फाच्या वरच राहिला होता. घुमटांची गोलाई हीदेखील प्रामुख्याने बर्फाची करणी नव्हे. ग्रॅनाइट जमिनीत खोलवर, प्रचंड दाबाखाली तयार होतो. वरचे थर झिजून गेले, की दाब कमी होतो, खडक किंचित फुगतो आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याचे पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे घुमटांना तो आकार येतो. आणि ज्या हिमनदीत म्यूर यांनी खुंट रोवले, ती आता पुष्कळच आक्रसली आहे.

या वर्षांत म्यूर दोन वेळा मृत्यूच्या अगदी जवळून गेले. २६ मार्च १८७२ च्या मध्यरात्रीनंतर मोठा भूकंप झाला. म्यूर खोपीतून बाहेर धावले. चांदण्यात त्यांच्या डोळ्यांदेखत ईगल रॉक नावाचा सुळका ढासळला आणि हजारो शिळा गडगडत दरीत आल्या. गावकरी भयभीत झाले. व्हिटनींचे खरे ठरून दरीचा तळ आता आणखी खचणार, असे काहींना वाटले. म्यूर मात्र शिळा स्थिरावत असतानाच त्यांच्या ढिगावर चढून निरीक्षण करू लागले आणि नंतर त्यांनी लोकांना धीर दिला. कड्यांच्या पायथ्याशी दगडांचे ढीग कसे साचतात, हे त्या रात्री त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते दोन चित्रकारांना टुओलमच्या रानात सोडून एकटेच रिटर शिखराकडे गेले. हे शिखर १३,००० फुटांहून उंच. तोवर त्यावर कोणी चढल्याची नोंद नव्हती. एका उभ्या कड्याच्या मध्यावर ते असे अडकले, की ना वर हात पोचेना, ना खाली पाय. दोन्ही हात खडकावर पसरून ते क्षणभर खिळून राहिले. पडणे आता अटळ, या विचाराने त्यांचे डोके बधिर झाले. पण भीतीचा तो लोट ओसरला आणि त्यांचे चित्त विलक्षण शांत झाले. खडकातील प्रत्येक भेग, प्रत्येक कंगोरा त्यांना स्पष्ट दिसू लागला. एकेक पाऊल जपून टाकीत ते शिखरावर जाऊन पोचले.

१८८० साली म्यूर यांचा विवाह लुई स्ट्रेंत्झेल या सुशील स्त्रीशी झाला. त्यांना वांडा व हेलन अशा दोन मुली झाल्या. मार्टिनेझ येथील सासऱ्यांची फळबाग म्यूर यांनी मोठ्या कष्टाने सांभाळली आणि पैसाही मिळविला. परंतु डोंगरापासून दूर राहिल्याने त्यांची प्रकृती ढासळू लागली. १८८८ साली ते प्रवासात असताना त्यांच्या पत्नीने त्यांना पत्र लिहिले आणि बागेचा व्याप कमी करून त्यांनी आपल्या लेखनाकडे वळावे, असे कळविले. पत्नीच्या या शहाणपणाचा पुढे साऱ्या देशाला लाभ झाला.

१८८९ च्या उन्हाळ्यात म्यूर एका मासिकाचे संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांच्यासह टुओलमच्या कुरणांत गेले. वीस वर्षांपूर्वी जेथे गुडघाभर गवतफुले डुलत होती, तेथे आता मेंढरांनी सारे रान ओरबाडून टाकले होते. योसेमिटीची दरी व जवळची महावृक्षांची राई १८६४ पासूनच कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन राखीव होती. पण सभोवारचे डोंगर मोकळे होते. वरच्या डोंगरांतील झाडे आणि गवत गेले, तर खालच्या दरीतील नद्या आणि धबधबेही आटतील, हे उघड होते. शेकोटीशेजारी बसून दोघांनी निश्चय केला. म्यूर यांनी दोन लेख लिहिले, जॉन्सन यांनी ते छापले आणि कायदेमंडळात खटपट केली. १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा मंजूर झाला. मेंढरांना आळा घालण्यासाठी पुढच्या वर्षापासून घोडदळाचे शिपाई पहाऱ्यावर आले. २८ मे १८९२ रोजी सिएरा क्लब ही संस्था स्थापन झाली आणि म्यूर तिचे पहिले अध्यक्ष झाले. मरेपर्यंत तेच त्या पदावर होते. माणसाने जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्याच्या रक्षणासाठी तो झटत नाही, हे ओळखून या संस्थेने १९०१ पासून दर उन्हाळ्यात लोकांना डोंगरयात्रेला नेण्याचा प्रघात पाडला.

मे १९०३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीला आले. मेजवान्या आणि मानपानाचा मोठा थाट करण्यात आला होता. तो सारा बाजूस सारून त्यांनी तीन रात्री म्यूर यांच्यासह उघड्यावर काढल्या. एके सकाळी ते जागे झाले, तो त्यांच्या कांबळ्यांवर बर्फ पडलेले होते. दरीचा कारभारही राष्ट्राने आपल्या हाती घ्यावा, हे म्यूर यांनी त्यांना पटवून दिले; १९०६ साली तसा निर्णय झाला. रूझवेल्ट यांच्या भेटीनंतर म्यूर जगप्रवासाला निघाले. त्या प्रवासात ते भारतातही आले आणि हिमालय व तेथील देवदारांची वने त्यांनी पाहिली.

मात्र प्रत्येक लढाई त्यांना जिंकता आली नाही. योसेमिटीच्या उद्यानातच, उत्तरेकडे, हेच हेची नावाची दुसरी एक सुंदर दरी होती. तिलाही तसेच ग्रॅनाइटचे कडे आणि तसेच धबधबे होते. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाण्याची टंचाई होती. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत ते शहर होरपळून निघाले, तेव्हा ही निकड अधिकच तीव्रतेने जाणवली. हेच हेचीच्या तोंडाशी धरण बांधावे, असे शहराच्या कारभाऱ्यांनी ठरविले. लक्षावधी नागरिकांची तहान मोठी की एका दरीचे सौंदर्य मोठे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. देशातील वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंचो हेही धरणाच्या बाजूचे होते. ते वनांचे वैरी नव्हते. निसर्गाचा जपून उपयोग करावा, असे त्यांचे मत होते. शहराला पाणी मिळू नये, असे म्यूर यांनाही वाटत नव्हते. पाण्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. जे एकदा राष्ट्राने जपण्याचे वचन दिले ते सोयीसाठी मोडू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. वृद्धापकाळी, पत्नीच्या वियोगानंतर, ते वर्षानुवर्षे लिहीत आणि झगडत राहिले. परंतु डिसेंबर १९१३ मध्ये धरणाचा कायदा संमत झाला. पुढे १९२३ साली धरण पुरे झाले आणि हेच हेची पाण्याखाली गेली. त्या जलाशयाचे पाणी आजही सॅन फ्रान्सिस्कोला पुरविले जाते.

या पराभवाने म्यूर थकले, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. अलास्काच्या हिमनद्यांवरील पुस्तकाचे काम चालू असतानाच न्यूमोनियाच्या विकाराने २४ डिसेंबर १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे देहावसान झाले. हेच हेचीसाठी झालेला झगडा मात्र वाया गेला नाही. राष्ट्रीय उद्यानांची जपणूक करण्यास एक स्वतंत्र खाते हवे, ही जाणीव त्यातून बळावली आणि १९१६ साली असे खाते स्थापन झाले.

म्यूर यांच्या मृत्यूनंतर त्यांचे स्मारक उभारावयाचे ठरले. ते पुतळ्याच्या रूपाने नव्हे, तर एका पायवाटेच्या रूपाने उभे राहिले. १९१५ साली कॅलिफोर्निया राज्याने तिच्यासाठी १०,००० डॉलर मंजूर केले. कड्यांना सुरुंग लावीत, खिंडी ओलांडीत तिचे काम पुढे सरकत गेले आणि म्यूर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९३८ मध्ये, ती पुरी झाली. या वाटेची लांबी सुमारे ३४० किलोमीटर आहे. योसेमिटीच्या दरीतून निघून ती व्हर्नल आणि नेव्हाडा या धबधब्यांजवळून वर चढते. हाफ डोमकडे जाणारा फाटा सोडून ती कॅथीड्रल खिंडीतून टुओलमच्या कुरणांत उतरते आणि ११,००० फूट उंचीच्या डोनोह्यू खिंडीतून योसेमिटीच्या बाहेर पडते. पुढे एकामागून एक खिंडी ओलांडीत ती १४,५०५ फूट उंचीच्या शिखरावर जाऊन संपते. या शिखराचे नाव व्हिटनी! ज्यांनी म्यूर यांना अडाणी मेंढपाळ म्हटले, त्यांच्याच नावाच्या शिखरावर म्यूर यांच्या नावाची वाट पोचावी, हा योगायोग खरोखर विलक्षण आहे. म्यूर स्वतः १८७३ साली पूर्वेकडील अवघड बाजूने या शिखरावर चढले होते.

ही वाट पुरी चालण्यास साधारणतः तीन आठवडे लागतात. आज तेथे वाटेल त्याला वाटेल तेव्हा जाता येत नाही. रोज किती माणसांनी निघावे हे ठरलेले असते आणि त्यासाठी परवाना काढावा लागतो. अस्वलांना माणसाच्या अन्नाची चटक लागू नये, म्हणून शिधा मजबूत बंद डब्यात ठेवावा लागतो. आपला केरकचरा ज्याचा त्याने परत आणावयाचा असतो. ज्याने लोकांना डोंगरात येण्याचे आमंत्रण दिले, त्याच्याच वाटेवर आता गर्दीला आवर घालावा लागतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पाहिल्यावाचून प्रेम जडत नाही आणि फार जणांनी एकदम पाहू गेले तर पाहावयाचे तेच उरत नाही. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम म्यूर पुरे करू शकले नाहीत. ते पुढच्या पिढ्यांकडे आले आहे.